सभेचा विषय कोणीं नेमावा ?

हल्लीं गांवोगांव सभांचें पीक बरें येतें. पाऊस पडो न पडो, सभा होतात. जयंतीची सभा, पुण्यतिथीची सभा, बचतगटाची सभा, शेतीशाळेची सभा. निवडणूक जवळ आली म्हणजे कारणावांचूनहि सभा. खुर्च्या येतात, भोंगा येतो, शाल-नारळ येतो, आणि दोन तासांनीं खुर्च्या परत जातात. आमचा शेतकरी, आमचा लोहार-सुतार, आमची मजुरीची बाई खालीं सतरंजीवर बसून ऐकतात व घरीं जातात. घरीं कोणी विचारलें, 'काय झालें सभेंत ?' तर उत्तर मिळतें, 'चांगलें बोलले.' काय बोलले तें कोणी सांगत नाहीं. कारण जें बोलले गेलें तें ऐकणाराचें नव्हतेंच.

आमची तक्रार वक्त्यांवर नाहीं. वक्ते पोटासाठीं किंवा मतांसाठीं बोलतात, त्यांचा धंदाच तो. आमची तक्रार त्याच्या आधींच्या गोष्टीवर आहे. सभेचा विषय जो नेमतो तो सभा जिंकून बसतो. बाकीचे येऊन मांडी घालतात तेव्हां निकाल लागलेला असतो. भटजीबोवांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. पोथी कोणती लावावयाची हें ते ठरवीत, आणि शिधा कोणी आणावयाचा तेवढें यजमानावर सोपवीत ! आज पोथी गेली, परंतु पोथी लावणारे गेले नाहींत. त्यांत आमच्याच जातींचे व आमच्याच आडनांवांचे किती आहेत हें मोजूं लागलें म्हणजे जानव्यास दोष किती द्यावा हा पेंच पडतो.

ग्रामसभेचेंच पाहा. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत जागा मिळाली. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें वर्षांत किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. गणपूर्तीस एकूण मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, जी संख्या कमी असेल तेवढीं माणसें पुरतात. त्याआधीं बायकांची वेगळी सभा भरवावयाची. कागदावर गांव राजा आहे. पण राजानें आज काय बोलावें हें सरपंच व ग्रामसेवक ह्यांच्या वहींतून येतें. (ग्रामसेवकास आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात; नांव बदललें, वही तीच.) मागील सभेचें इतिवृत्त कायम करणें, जमाखर्चास मंजुरी देणें, अमुक योजनेचे लाभार्थी निवडणें, आणि सर्वांत शेवटीं एक ओळ : 'ऐनवेळीं येणारे विषय, अध्यक्षांच्या परवानगीनें.' वाचकहो, आमचा सारा जन्म ह्या शेवटच्या ओळींत कोंबला आहे. विहिरीचें पाणी, कांट्यावरची कटती, लेकीचें सातबाऱ्यावरचें नांव, चौकांतलें दारूचें दुकान, स्मशानाची वाट, हे सगळे ऐनवेळचे ! आणि तेहि परवानगीनें ! तोंवर साडेबारा वाजलेले असतात, बायका चुलीकडे गेलेल्या असतात, आणि सभा 'खेळीमेळीच्या वातावरणांत' संपलेली असते.

वरून विषय पाठविण्याची ही रीत दिल्लीपर्यंत पोहोंचली आहे. केंद्राच्या पंचायत खात्यानें शाश्वत विकासाच्या नांवानें गांवांसाठीं नऊ विषय नेमून दिले. गरिबीमुक्त गांव, आरोग्यदायी गांव, बालस्नेही गांव, जलसमृद्ध गांव, स्वच्छ व हरित गांव, पायाभूत सुविधांनीं स्वयंपूर्ण गांव, सामाजिक दृष्ट्या सुरक्षित गांव, सुशासनयुक्त गांव व महिलास्नेही गांव. नऊच्या नऊ विषय चांगले आहेत. वाईट शोधूं गेलें तरी सांपडणार नाहीं. दोष असेल तर हाच कीं, ज्या विषयास गांवांत एकहि माणूस 'नको' म्हणत नाहीं, त्या विषयानें कोणाच्या पोटांतलें पाणी हालत नाहीं. 'जलसमृद्ध गांव' ह्यावर सरपंचाचें आणि तहानलेल्या वस्तीचें एकमत होतें. 'वरच्या आळीस रोज नळ आणि खालच्या वस्तीस तिसऱ्या दिवशीं, हें कां ?' ह्यावर होत नाहीं. आम्हांस सभा हवी ती ह्या दुसऱ्या प्रश्नाची.

हें कांहीं आम्ही नवें सांगत नाहीं. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज निघाला, तेव्हां त्याच्या बैठकींत दारूबंदी, सक्तीचें शिक्षण, कमी खर्चांत लग्न, भटावांचून विधि, जोतिष व भुताखेतांची भीति असले विषय निघत. आज हे शब्द गुळगुळीत वाटतात. त्या काळीं ह्यांतील एकेक विषय म्हणजे कोणाच्या तरी मिळकतीवर सरळ पाय होता. आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरास भटावांचून पहिलें लग्न लागलेंहि. विषय आणि कृति ह्यांमध्यें तीन महिन्यांचें अंतर ! पुढें 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत असतां जोतीरावांनीं त्यांतले भाग जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं लोकांपुढें वाचून दाखविले. ज्यांचें दुःख लिहिलें त्यांच्या कानांवरून तें एकदां जाऊं द्यावें, ही त्यांची रीत.

मुंबईच्या गिरण्यांचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. १८८०-९० च्या त्या वर्षांत बरींच शिकलेल्यांचीं पत्रें गिरण्यांच्या कायद्यास लॅंकेशायरचा कावा म्हणत होतीं. शिकलेल्यांनीं विषय नेमला असता तर तो 'देशी उद्योगांचें रक्षण' असाच झाला असता, आणि चांगलाच दिसला असता. पण सप्टेंबर १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं परळास कामगारांची सभा भरविली. तेथें काय निघालें ? आठवड्यास एक दिवस सुटी. दुपारीं अर्धा तास विसांवा. सकाळीं साडेसहा ते सूर्यास्त एवढेंच काम. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आंत. कामावर जखमी झाला तर बरा होईतों पगार. ह्या अर्जावर साडेपांच हजार सह्या झाल्या. देशाचा उद्धार हा शब्द त्यांत नाहीं. अर्धा तास आहे. पुढें २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीस सुमारें दहा हजार कामगार जमले, दोन बायाहि तेथें बोलल्या, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. आज देशांत रविवारीं झोपून उठणारा जो तो ह्या सभेचा ऋणी आहे, तो कोणत्याहि जातीचा असो.

असा आमचा वारसा. आणि आज आमची चळवळ काय करते ? ११ एप्रिल आला कीं जोतीरावांवर व्याख्यान. वक्ता बाहेरचा, अध्यक्ष कारखान्याचे संचालक, विषय 'महात्मा फुले यांचे विचार व आजची युवा पिढी.' युवा पिढी मागें उभी राहून मोबाइल पाहते. तिचें काय चुकलें ?

दुसऱ्यांस नांवें ठेवून आम्ही मोकळे होणार नाहीं, कारण हेंच पाप आम्हीं स्वतः केलें आहे. गेल्या मार्गशीर्षापासून आमच्या गांवीं दर मंगळवारीं, बाजार उठल्यावर, शाळेच्या पडवींत बैठक भरवावयाची असें ठरलें. बाहेरचा वक्ता नाहीं, खुर्ची नाहीं, गांवानेंच बोलावयाचें. येथवर सर्व ठीक. पण अध्यापक विद्यालयांत आम्हांस पाठाचें टाचण काढावयास शिकविलेलें. आधीं उद्दिष्ट, मग प्रस्तावना, मग विषय-विवेचन. त्या संवयीनें आम्हीं व दोन-तीन होतकरू तरुणांनीं बसून बारा मंगळवारांचे बारा विषय सुंदर अक्षरांत फळ्यावर लिहून टाकले. व्यसनमुक्ति, हुंडाबंदी, सेंद्रिय शेती, वाचनाचें महत्त्व. गांवानें बोलावयाचें, पण कशावर तें आम्ही सांगणार ! पहिल्या मंगळवारीं साठ माणसें आलीं. तिसऱ्या मंगळवारीं सतरा, आणि त्यांत सहा पोरें.

त्या तिसऱ्या मंगळवारीं लोहाराच्या घरची एक म्हातारी, जिला सारा गांव आत्याबाई म्हणतो, उठतां उठतां म्हणाली, "मास्तर, तुमचं समदं बरं हाय. पर शुक्रवारी आमच्या दारात फटफटी घिऊन येत्यात, त्येंचा इषय कोन काडायचा ?"

फटफटीवाले म्हणजे गट करून बायकांस कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे वसुलीदार. आमच्या बारा विषयांत तो विषय नव्हता. आम्हांस ठाऊकहि नव्हता. आमचा पगार बँकेंत येतो. आम्हीं फळा पुसला.

पुढील दोन मंगळवार तोच विषय चालला. पडवी पुरेना. एकेका घरांत तीन-तीन, चार-चार कंपन्यांचे हप्ते निघाले. एकीचा हप्ता भरण्यासाठीं दुसरीचें कर्ज. बारावींतल्या एका मुलीनें रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें काढलेले नियम उतरवून आणले, व पूर्वीं बँकेंत नोकरी केलेल्या एका गृहस्थानीं ते समजावून दिले. ते येथें देतों, कारण आमच्या वाचकांच्या घरींहि शुक्रवार येत असेल. वर्षाचें उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबास तारणावांचून दिलेलें कर्ज तें सूक्ष्मकर्ज. घरांतील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जातां कामा नयेत. कर्जाचा सारा तपशील कर्जदारास समजेल अशा भाषेंत लिहून दिला पाहिजे. मुदतीआधीं कर्ज फेडलें तर त्याबद्दल दंड घेतां येत नाहीं. वसुलीची जागा दोघांच्या संमतीनें ठरवावयाची. त्या जागीं कर्जदार लागोपाठ दोन वेळां आला नाहीं तरच घरीं किंवा कामावर जातां येतें. सकाळीं नवाच्या आधीं व संध्याकाळीं सहानंतर फोन नाहीं. शिवीगाळ नाहीं, धमकी नाहीं, शेजाऱ्यापाजाऱ्यांत अब्रू काढणें नाहीं. नियम कागदावर होते. दारांत रात्रीं आठ वाजतां फटफटी होती. दोहोंची गांठ घालून देणारी सभा कोणी भरविली नव्हती, कारण तो विषय कोणाच्या यादींत नव्हता.

कर्जें माफ झालीं नाहींत. १८७५ सालीं सुप्याच्या बाजारांत लोकांनीं सावकाराचे रोखे जाळले. आजचा रोखा जाळूं म्हटलें तर तो यंत्रांत असतो. पण सात बायका मिळून शाखेंत गेल्या व वसुलीची जागा देवळापुढचा पार, वेळ सकाळीं दहा, असा लेखी अर्ज देऊन आल्या. आतां वसुलीदार पारावर येतो व नीट बोलतो. दुसरी गोष्ट मात्र कोणास फारशी रुचली नाहीं. पैसा गेला कोठें, हें बायका सांगूं लागल्या. पोराची गाडी, कोरडी गेलेली बोअर, पुतणीच्या लग्नांतली पंगत. कर्ज बाईच्या नांवावर, खर्च बाप्याच्या हातचा. पुरुषमंडळी चप्पल शोधूं लागली. 'घरचं वेशीवर कशाला ?' असें एक मानकरी म्हणाले. वेशीवर वसुलीदारानें आणलें तेव्हां हे मानकरी कोठें होते ?

ह्यावरून आम्हीं एक नियम शिकलों, तो असा कीं विषय नामाचा नसावा, प्रश्नाचा असावा. 'व्यसनमुक्ति' हा विषय नव्हे, ती भिंतीवरची अक्षरें. 'चौकांतलें दुकान कोणाच्या जागेंत चालतें ?' हा विषय. 'शेतमालास भाव' ह्यावर मंत्र्यानें बोलावें. आपण 'क्विंटलामागें कटती किती धरतात आणि कोणत्या नियमानें?' हें विचारावें. ज्याचें उत्तर गांवांतल्याच कोणास तरी द्यावें लागतें, त्या प्रश्नास माणूस उठून बसतो. आणि तो प्रश्न ज्यानें आणला त्यानेंच तो उघडावा, मास्तरानें नव्हे. त्यास बोलतां येत नाहीं म्हणतां ? बैल हरवला तेव्हां तो चार गांवांत बोलतो.

आतां शहाणे आक्षेप घेतील. 'लोकांवर सोडलें तर ते भजनी मंडळ नि कुस्त्यांचा फड ह्यावांचून दुसरें कांहीं सुचविणार नाहींत. त्यांस आपलें हित कळत नाहीं.' हें वाक्य आम्हीं पूर्वीं ऐकलें आहे. शूद्रांस विद्या कशास, म्हणणारांचें हेंच वाक्य होतें. आतां तें आमच्या पदवीधरांच्या तोंडीं आलें आहे एवढेंच. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड लोकांच्या लहानशा गांवानें आपले अभ्यासगट चालविले. जंगल कोणाचें, मध काढतांना माश्या न मारतां कसा काढावा, असल्या प्रश्नांवर तेथें बैठका झाल्या. निर्णय सर्वांच्या संमतीनें, एकाचाहि विरोध असला तरी थांबून. २००९ सालीं त्या गांवास सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ पासून आपला बांबू तें गांव स्वतः विकूं लागलें. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें विधवेच्या बांगड्या फोडणें, कुंकू पुसणें बंद करण्याचा ठराव केला. सरकारचें परिपत्रक त्याच्या मागून निघालें. हित कोणास आधीं कळलें ?

दुसरा आक्षेप खरा आहे, व तो आम्हीं अनुभवानें मान्य करतों. लोकांवर सोडणें म्हणजे मोठ्या घरांवर सोडणें असें होतें. आम्हीं कुंभाराकडून सात गाडगीं आणलीं, एकेका प्रश्नाची एकेक खूण गाडग्यावर काढली, आणि ज्यास त्यास तीन चिंचोके दिले. लिहितां येवो न येवो, चिंचोका टाकतां येतो. तर पहिल्याच वेळीं भावकीनें भरलेलें गाडगें निघालें देवळाच्या सभामंडपाचें ! नुसती मोजणी म्हणजे न्याय नव्हे. ज्याची भावकी मोठी त्याचा प्रश्न दर मंगळवारीं मोठा. म्हणून आतां पाळी ठेवली आहे. बायकांची एक, शेतकऱ्यांची एक, बलुतेदार-कारागिरांची एक, मजुरांची व मातंग वस्तीची एक. ज्याची पाळी त्यांनींच आधीं आपसांत बसून चिंचोके टाकावयाचे, तेथें दुसऱ्यानें जावयाचें नाहीं. बायकांची बैठक दुपारीं तीनला, रात्रीं नव्हे. रात्रीं ठेवणारास भाकरी कोण थापतें तें ठाऊक नसावें. सभामंडपवाल्यांसहि पाळी आहेच, ती त्यांची त्यांस मिळाली.

परंतु पाळी ठेवल्याबरोबर आमची परीक्षा आली. मातंग वस्तीच्या गाडग्यांतून प्रश्न निघाला : 'आमचें मढें स्मशानांत कोणत्या वाटेनें न्यावें ?' जुनी वाट एका शेतांतून जाते. ती नांगरून टाकल्यास कांहीं वर्षें झालीं. पावसाळ्यांत प्रेत खांद्यावर घेऊन ओढ्याच्या चिखलांतून जावें लागतें. हें सर्व गांवास माहीत आहे आणि कोणत्याहि सभेंत आजवर बोललें गेलें नाहीं. आणि वाचकहो, ह्या प्रश्नाच्या आड कोणी भटजी आला नाहीं, शेटजी आला नाहीं. आमच्यांतलेच आले. जे कालपर्यंत बैठकीची वाहवा करीत होते ते रात्रीं आमच्या घरीं आले. "गुरुजी, हा विषय जरा पुढं ढकला. गांवांत दुफळी होईल. पंचायतीकडं अर्ज करूं द्या त्यांना." कोणी म्हणाले, मळणी होऊं द्या. कोणी म्हणाले, हा वैयक्तिक वाद आहे, सभेचा विषय नव्हे.

हेंच तें ! 'हा सभेचा विषय नव्हे.' देवळांत जाण्याचा, पाणवठ्यावर पाणी भरण्याचा प्रश्न निघाला तेव्हां आमच्या आजोबा-पणजोबांस हेंच सांगितलें गेलें. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं पाणी पिणारांसहि हेंच सांगितलें गेलें. दुफळी म्हणे विषयानें होते ! वाट नांगरली त्या दिवशीं ती झाली नव्हती काय ? ज्या चळवळीनें ब्राह्मणाच्या ओसरीवर जाऊन जाब विचारला तिला भावकीच्या बांधावर उभें राहतांना कांपरें भरत असेल, तर तिनें जोतीरावांची तसबीर उतरून ठेवावी. आम्हीं आलेल्या मंडळींस सांगितलें कीं गाडग्यांतून निघालेला विषय पुसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. बारा विषय लिहितांना होता असें वाटत होतें, तो आत्याबाईंनीं काढून घेतला. मंडळी चहा न घेतां गेली.

दुसऱ्या दिवशीं शाळेंत चार पोरें कमी आलीं. त्याची कारणें आम्हांस विचारावीं लागलीं नाहींत.

इतर गांवच्या बंधुभगिनींनीं अशा बैठका भरवावयाच्या असतील तर त्यांनीं आमचीं गाडगीं घ्यावीं, पाळी घ्यावी, चिंचोके तर झाडाखालीं पडलेलेच आहेत. पण आमचे विषय घेऊं नयेत. आमच्या गांवची कटती तुमच्या गांवीं नसेल, तुमच्याकडे उसाची तोड अडत असेल, धरणाचें आवर्तन चुकत असेल, यंत्रमागाचा भोंगा रात्रपाळीस वाजत असेल. आधीं आठ दिवस नुसतें ऐकत फिरा. पाणवठ्यावर, गिरणींत, न्हाव्याच्या दुकानांत, एस. टी. च्या थांब्यावर लोक जें बोलतात आणि सभेंत शिरतांच ज्याबद्दल गप्प होतात, तें लिहून काढा.

येत्या मंगळवारीं वाटेचा प्रश्न आहे. उघडणारा वस्तींतला तरुण आहे, गवंडीकाम करतो. गेल्या पावसाळ्यांत त्यानें आपल्या आईस त्या ओढ्यांतून नेलें. तलाठ्याकडून गांवचा नकाशा मागविला आहे, त्यावर जुनी वाट दाखविली आहे कीं काय तें सर्वांसमोर पाहिलें जाईल. ज्यांच्या शेतांतून वाट जाते त्या अण्णांकडे आम्ही स्वतः जाऊन निरोप दिला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "येतो. पण खाली सतरंजीवर बसणार न्हाई." आम्हीं सांगितलें कीं पडवींत सतरंजीवांचून दुसरें कांहींच नाहीं.